वेबसाइटवर अजून आबांचाच नंबर आहे

मंडळी, दुपारपासून लॅपटॉप उघडून बसलेय. एक नंबर पुसायचाय, पण हात होत नाही.

आमच्या पालमला क्लास नव्हता, म्हणून मी वेबसाइट बनवायला व्हिडिओ बघून शिकले. पहिली वेबसाइट आमच्या मेंढ्यांची केली. आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसून म्हणायचे, "नंबर लय मोठा टाक. बिगर चष्म्याचा दिसला पायजे."

गेल्या महिन्यात आबा वारले.

आज त्यांचा फोन वाजला. वेबसाइट बघून चुडाव्याचा एक माणूस मेंढा विकत मागत होता. मायनं फोन उचलला आणि म्हणाली, "ते मेंढरं घेऊन लांब गेलेत."

आमच्यात माणसं महिनोन्महिने मेंढरांमागं जातात. त्याला खरंच वाटलं. "आल्यावर करतो फोन," म्हणाला.

मी म्हणाले, "माय, नंबर काढून टाकते."

फोन चार्जिंगला लावत ती म्हणाली, "राहू दे गं. कुणीतरी त्यान्ला इचारायलंय, तेवढंच."

नंबर तसाच आहे, लय मोठा. तो माणूस परत फोन करील, तेव्हा मायनं काय सांगायचं? हे मी कुठं शिकू?