घाटीवरची खुर्ची

कणकवलीला अधूनमधून आमची एक बैठक असते. आरोग्य केंद्रांतली माणसं, एका धर्मादाय दवाखान्यातली माणसं, बचत गटांच्या बायका असे सगळे जमतात आणि आपापल्याकडे काय नवीन जमलं ते एकमेकांना सांगतात. मी धामापूरच्या पलीकडच्या एका गावात नर्स. मला या बैठकीचा आधी मनस्वी कंटाळा होता. ज्याच्याकडे काहीच जमलेलं नसतं तोच जास्त वेळ बोलतो, असा माझा अनुभव. मी जायची ती तिथल्या बटाटावड्यासाठी.

त्या खेपेला मात्र जिवाला घोर होता. आमच्या वरच्या वाडीत एका बाईला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. मूल पायाळू. बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वरच्या वाडीला रस्ता नाही. जांभ्याच्या पायऱ्यांची उभी घाटी उतरायची, तेव्हा अँब्युलन्स मिळते. आजारी माणसाला खाली आणायचं म्हणजे प्लास्टिकची खुर्ची, दोन गडी आणि देवाचं नाव. मागे एकदा त्या खुर्चीचा पाय मोडला आणि तीत बसलेले आजोबा निघाले होते त्याहून जास्त आजारी होऊन खाली पोचले.

बैठकीत खारेपाटणकडची एक नर्स उभी राहिली. तिने पिशवीतून कॅनव्हासची खुर्ची काढली. दोन बांबूंत अडकवायची, काम झालं की गुंडाळून काखेत मारायची. गावच्या शिंप्याने शिवलेली. मी विचारलं, कापड कसं बेतलंत? मला वाटलं, आता म्हणेल साहेबांना विचारून सांगते. तिने तिथेच एक जुनं वर्तमानपत्र कापून बेत माझ्या हातात ठेवला. "न्या. आणि तुमच्याकडे काय बिघडलं ते पुढच्या वेळी सांगा." दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मांडीचा पट्टा कुठे घ्यायचा ते त्याच कागदावर पेनाने आखलं. मी वडा खायला विसरले, यावरून काय ते समजा.

खुर्ची शिवून झाली. पण खारेपाटणकडची वाट सपाट, आमची घाटी उभी. पहिल्याच उतारावर बसलेला माणूस पुढे घसरायला लागला. तेव्हा मला देवीची पालखी आठवली. वर्षातून एकदा ती याच घाटीने वाडीवाडीतून फिरते आणि देवी आजवर कधी घसरलेली नाही. मी देवस्थानच्या मंडळींना गाठलं. पालखीवाल्यांनी आधी भरपूर भाव खाल्ला. मग सांगितलं की उतरताना उंच माणसं पुढे, बुटकी मागे, पावलं लहान आणि खांदा बदलायचा तो चालता चालताच.

तालमीला पेशंट मी. माझं वजन किती ते इथे सांगायचं कारण नाही, पालखीवाल्यांनी ते गावभर केलंच. खुर्ची मात्र जराही हलेना. मी खूश. आणि वाटेतल्या एका घराच्या दारात चौघेही थांबले. आतून म्हातारी तांब्या घेऊन आली, चौघांच्या पायांवर पाणी घातलं आणि हात जोडून वर बघते तर मी.

पालखी प्रत्येक दारात थांबते, घरची बाई पाय धुते, ओटी भरते, हा रिवाज. पण बाई कळा देत असताना दारोदार पाय धूत बसणार का, असं मी तापून विचारलं. थोरला पालखीवाला ओशाळला. "काय करूया बाई? खांद्यार दांडो इलो काय पाय आपसूक दारात थांबतत." पुढच्या दारात ते पुन्हा थांबले. शेवटी तोड निघाली ती रिवाजातूनच. घरात सुतक असेल तर दार लावून घेतात, पालखी तिथे थांबत नाही. म्हणजे खुर्ची निघाली की सगळ्यांनी दारं लावायची. भरल्या दिवसांच्या बाईसमोर दार लावायचं म्हणजे अपशकून, अशी बायकांनी कुरकुर केली. माझा अवतार बघून गप्प झाल्या.

त्या बाईला तारखेआधीच खाली नातेवाइकांकडे हलवायचं ठरलं होतं. बाळाने आमचं ठरलेलं कुठे विचारलं? एका दुपारी मी जेवायला बसणार तोच फोन आला. धावत वर गेले. पालखीवाले हजर होते. तिला पट्टे बांधले, निघालो. आमच्या पुढे एकेक दार लागत गेलं. घाटीत फक्त पावलांचा आवाज.

मध्यावर तिने माझा हात धरला. "बाई, बाळ बरा आसतला मां?"

"आसतला," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला काही ठाऊक नव्हतं. मीच भ्याले होते.

खुर्ची कुठेही थांबली नाही. ऑपरेशन झालं आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मायलेकी अजून इस्पितळात होत्या तेव्हाच पुढची बैठक आली. तिथे मी सगळं सांगितलं, पाय धुण्यासकट. लोक पोट धरून हसले. त्यातलाच एक आरोग्यसेवक जेवणाच्या सुट्टीत हळूच जवळ आला. म्हणाला, आमच्याकडेही डोंगर आहे आणि पालखीही आहे, तेवढा बेत मिळेल का? मी वर्तमानपत्र मागवलं आणि कात्री घेतली. दारांचं तेवढं विसरू नका, म्हटलं.

मग मायलेकी घरी यायला निघाल्या. पोटाला टाके, घाटी चढवणार कशी? पुन्हा खुर्ची, पुन्हा तेच पालखीवाले. आता बुटके पुढे, उंच मागे. आईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर. मी शिकवलेला धडा गाव नीट शिकला होता. घाटीवरची सगळी दारं बंद. पालखीवालेही मान खाली घालून दारांसमोरून पुढे निघाले.

ह्या पोरीचं गावात पहिलं पाऊल, आणि समोर बंद दारं.

"थांबा रे," मी म्हटलं. "आता दरेक दारात थांबा."

मी जाऊन कडी वाजवली. दार लगेच उघडलं. म्हातारी भरला तांब्या घेऊन दारामागेच उभी होती.