कुकरवाल्या काकू

वऱ्हाडात बुद्धिबळ खेळून काकूंइतके प्रेशर कुकर कोणी जिंकले नसतील, आणि काकूंच्या स्वयंपाकघरात वरण मात्र पातेल्यात शिजायचं. "शिट्टी झाली का मले वाटते, माही वेळ संपली," असं त्या सांगायच्या. खरं कारण वेगळं होतं. अमरावती-अकोल्याच्या स्पर्धांत महिलांसाठी वेगळं बक्षीस असे, ते कुकरच असे, आणि महिला बहुधा एकट्या काकूच असत. "नुसती जाऊन बसली तरी भेटते थो. मंग खेळू कायले?" म्हणून क्लबात ज्याचं लग्न ठरे त्याच्या घरी एक कुकर जाई. माझ्याही घरी आला.

काकू पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झालेल्या. चाल झाली की पटाशेजारचं घड्याळ अशा दाबायच्या, की रजिस्ट्रीवर शिक्का मारतायत असं वाटावं. समोरचा चाल करून घड्याळ दाबायला विसरला, तर शहाणा खेळाडू गप्प बसतो आणि त्याची वेळ जाऊ देतो. काकूंना धीर निघायचा नाही. "चाल झाली ना? दाब मंग घड्याळ. मले घरी जाऊन भाजी टाकायची हाये!" खेळताना बोलू नका म्हणून पंचांनी कितीदा बजावलं. त्यांनाच त्या विचारायच्या, "तुले काहून घाई नाई रे बाप्पा?"

त्यांना हवा होता कप. बाई-पुरुष सगळे एकत्र मोजून पहिल्या दहांत येणाऱ्याला मिळतो तो, वीतभर उंचीचा. आड यायची हाव. फुकटचं प्यादं दिसलं की काकूंचे हात शिवशिवायचे, आणि शेवटच्या फेरीत ते प्यादं खाता खाता त्यांचा वजीर अडकायचा. "फुकटाचं सोडवत नाई मले," असं परतीच्या गाडीत संत्रं सोलत कबूल करायच्या आणि बडनेरा येईपर्यंत शिव्या आम्हाला घालायच्या.

अकोल्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत त्यांची गाठ माझ्याशीच पडली. जिंकेल तो दहावा. बसता बसता म्हणाल्या, "दयामाया करशीन तं कुकर परत नेईन." मी कसली दया करतो! कप मलाही हवा होता. मी मुद्दाम एक प्यादं उघडं टाकलं. काकूंचा हात लगेच त्याच्यावर गेला. हात लागला की मारावंच लागतं, आणि मारलं की वजीर गेलाच. हात प्याद्यावर अधांतरी थांबला. मग काकूंनी तो चक्क मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हातानं घोडा उचलला. थोड्याच चालींत मी राजा आडवा करून हार मानली.

पण बक्षिसाच्या वेळी चिटणिसांनी काकूंपुढे कुकरच धरला. नियम असा, की एकाला एकच बक्षीस, तेही जास्त किमतीचं. कुकर महाग, म्हणून कप अकराव्याला. अकरावा मी. खोटं कशाला बोलू, मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा.

"खाली ठेव थो कुकर," काकू म्हणाल्या.

"अहो, नियम तुमच्याच फायद्याचा आहे."

"माहा फायदा मले समजते. मी दहावी आली. दहाव्याचं दे!"

सगळा हॉल हसला, मग टाळ्या पडल्या. उठलोच होतो, म्हणून मीही उभ्यानं वाजवल्या. कप काकूंना मिळाला, आणि मोर्शीहून पहिल्यांदाच आलेल्या एक शिक्षिका तो कुकर घेऊन आनंदात गेल्या.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. भांडीकुंडी सगळी वाटून टाकली, कप तेवढा हातातल्या पिशवीत. फलाटावर मला भडभडून आलं, तर म्हणाल्या, "रडतं काहून? कुकराचं रबर बदलत जाय." आता क्लबात कोणी ओरडत नाही. पंच खूश असायला हवेत, पण तेही उगाच दाराकडे पाहत बसतात.

यंदा चिटणीस मी आहे. पहिल्याच बैठकीत तो नियम बदलून घेतला. दोन बक्षिसं आली तर कोणतं घ्यायचं, ते आता खेळाडूनं ठरवायचं. काकूंना फोन करून सांगितलं.

"लय उशिरा केली चाल," त्या म्हणाल्या. "पन बरी हाये. आता घड्याळ दाब."