कडुनिंबाखालची खाट

आमच्या आईला चैत्रात दमा उसळायचा. आधी शिंका, मग डोळ्यांना पाणी, आणि पंधरा दिवसांत छाती भात्यासारखी वाजायला लागायची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इंदिरानगरला आम्ही छोटं घर बांधलं, तेव्हा अंगणातला जुना कडुनिंब मी मुद्दाम राखला. कडुनिंबाची हवा औषधी, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाडव्याला त्याचा मोहोर गुळाबरोबर खायचा की वर्षभराची काळजी मिटली. म्हणून आईला त्रास सुरू झाला की मी तिची खाट उचलून त्याच्याखाली टाकायचो.

"अरे, आत ने मला," ती म्हणायची.

"आत कोंदट आहे. इथंच पड."

एकदा ठरवलं की मी ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे.

तरी दम कमी होईना. मग दोष कुणाचा? शेजारी नुकतंच एक बौद्ध कुटुंब राहायला आलं होतं. नवरा पोस्टात कारकून, बाई शाळेत शिक्षिका. रविवारी त्यांच्याकडे सुके बोंबील भाजले जायचे. मी कुंपणाशी जाऊन सुनावलं, "तुमच्या या वासानं माझी आई मरायला टेकलीय." आदल्या वर्षी ते तिथं नव्हते आणि आईला दम तेव्हाही लागला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. वास हे निमित्त. ते शेजारी आले, हेच मला खुपत होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं, नाही भाजणार."

बोंबील खरंच बंद झाले. आईचा दम वाढतच गेला.

एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. मी नुसता हाका मारत सुटलो. बाई धावत आल्या, आईच्या पाठीला उशी देऊन तिला बसवलं, रिक्षा आणवली आणि दवाखान्यापर्यंत बरोबर आल्या. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कुठलं झाड फुललंय?"

मी ऐटीत सांगितलं, "कडुनिंब. आई त्याच्याखालीच झोपते."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्या मोहोराचे परागकण यांना सोसत नाहीत. आधी ती खाट आत न्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन बसलो होतो, आणि बाई तिथंच उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. परतताना रिक्षात आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मला इतकी लाज वाटत होती की मान वर होईना.

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांची माफी माग." उद्या जातो म्हटलं. असे कितीतरी उद्या गेले. शेवटी तिच्या रोजच्या विचारण्याला कंटाळून मी सांगून टाकलं, "मागितली."

वर्षभरात त्यांची चांदवडला बदली झाली. बाई निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी दारातच होतो. आईनं त्यांचा हात धरला. "याच्या बोलण्याचं मनात ठेवू नका. त्यानं माफी मागितली ना तुमची?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो आई," त्या म्हणाल्या, "कधीच."