लाल दोऱ्याची बाटली

...तर बर्फवाला नर्सबाईंना म्हणाला, "बाई, गल्लीत फ्रीज नाही तर नाही. माझी पेटी काय फक्त सरबतवाल्यांसाठी आहे?" असा तो! दवाखाना लांब. बाई महिन्यातून एकदा येऊन साखरेच्या आजाराचं इन्सुलिन फुकट द्यायच्या, पण ते गार ठेवायचं कुठं, म्हणून निम्मी गल्ली घेतच नव्हती. यानं बर्फाच्या लाकडी पेटीत वरच्या अंगाला एक फळी ठोकली आणि तिच्यावर बारा बाटल्या मांडल्या. लिहिण्यावाचण्याशी त्याचं कधी जमलं नाही, म्हणून प्रत्येक बाटलीला वेगळ्या रंगाचा दोरा. सकाळी मी दिसलो की ओरडायचा, "या आजोबा, आधी टोचून घ्या, मग गप्पा हाणा. तुमच्या गोष्टींनीच गल्लीची साखर वाढते!"

तेरावी बाटली लाल दोऱ्याची, त्याच्या बायकोची. ती फळीवर नव्हती. ती त्यानं बर्फाच्या लाद्यांच्या मधोमध, सगळ्यात गार जागी खोचली होती. औषध गार हवं, एवढं बाई सांगून गेल्या होत्या. गोठलं की वाया जातं, हे सांगायचं राहून गेलं. रोज सकाळी तो बाटली मुठीत धरून वितळवायचा आणि बायकोला सुई द्यायचा. ती वाळत चालली, घटाघटा पाणी प्यायची. हा म्हणायचा, "अगं, तुझंच तर सगळ्यात ताजं!" आम्हीही माना डोलावल्या. जगभराच्या चौकशा करणारा मी, पण तेवढं विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा ती बेशुद्ध होती. दवाखान्याच्या वाटेवरच गेली. बाईंनी लाल दोऱ्याची बाटली उजेडात धरली, आत कण तरंगत होते. काय झालं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. तो लादी फोडायचा टोचा हातात धरून ऐकत होता.

चौथ्या दिवशी पेटी उघडी दिसली. फळीवर बाराही बाटल्या जागच्या जागी. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, आता हे कशाला अंगावर घेतोस? बाई दुसरी सोय बघतील."

फळीवरचं पाणी पुसत तो म्हणाला, "लोकांच्या आहेत, आजोबा, लाद्यांखाली फुटतील या भीतीनं बर्फापासून लांब ठेवल्या होत्या, तशाच ठेवतो. तिला मी विचारलं होतं, तुझीही फळीवर ठेवू का? तर म्हणाली, तुम्ही ठेवाल तिथं ठीकच असेल."