भुरीची उडी

माझ्या सासूबाई लांडगीण आहेत. हे मी रागाने म्हणत नाही. जावयाने असं म्हटलं की ऐकणारे लगेच खांद्यावर हात ठेवतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथली माणसं जनावरं होऊन राहतात. कुणी कोल्हा, कुणी घुबड, कुणी साळिंदर. शिकार, रुसवेफुगवे, मारामाऱ्या, सगळं लिहून. सासूबाई तिथे भुरी नावाची लांडगीण आहेत, अख्ख्या कळपाच्या मुख्य. आणि माझी बायको तिथली पंच.

खरं तर बायकोविषयी सांगायला बसलो होतो. सासूबाई नेहमीप्रमाणे आधी आल्या.

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टर ओतायचं, घासायचं, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, पुन्हा घासायचं. एक दात केसभर उंच राहिला तरी घालणाऱ्याचं जेवण हराम होतं, त्यामुळे ‘चालून जाईल’ हे शब्द तिच्या तोंडी नाहीत. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कामावर मीही असं म्हणत नाही, पण घरी आलो की बिनदिक्कत म्हणतो. ती घरीही म्हणत नाही. भाजीत मीठ कमी असेल तर मी जेवून उठतो, ती मीठ घालून पुन्हा उकळी आणते.

ती त्या ग्रुपमध्ये गेली तेव्हा तिथल्या मारामाऱ्या म्हणजे शुद्ध पोरखेळ होता. कोल्ह्याने लिहायचं, मी रानमांजराचा गळा धरला. रानमांजराने लिहायचं, मी निसटलो. कुणी मरत नव्हतं आणि भांडण मात्र मिटत नव्हतं. हिने नियम लिहून काढले. आपलं जनावर काय करतंय ते आधी लिहायचं, मगच वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा ग्रुपच्या पानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो. हल्ला करणाऱ्याचा आकडा समोरच्याच्या आकड्यापेक्षा मोठा आला तर चावा बसला, नाहीतर हुकला. चाव्यागणिक दम कमी होतो. दम संपला की जनावर मेलं, कायमचं. अंगावर जुनी जखम असेल तर तिच्या मानाने आकड्यातून वजाबाकी. आणि ज्याचं जनावर मेलं त्याने हंगामभर, म्हणजे तीन महिने, ग्रुपमध्ये यायचं नाही. मी म्हटलं, ही शिक्षा जरा जास्तच होतेय. ती म्हणाली, मरणाला काही वजन नको का?

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. कितीतरी पोरींना त्यांनी उंच उडी शिकवली, तीही ओरडून ओरडून. निवृत्त झाल्या आणि पुढे न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. आता आमच्याकडेच असतात, वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी हळू आवाजात बोलतो. शेजारीण चहाचा कप थेट हातात देते. पत्ते खेळताना मी मुद्दाम हरतो आणि ते त्यांना कळतं. तेवढा वेळ जावा म्हणून बायकोने त्यांना ग्रुपमध्ये घातलं. आम्हाला वाटलं होतं, ससा वगैरे होतील.

त्यांनी लांडगीण घेतली आणि पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं की भुरी कड्यावरून पडलेली आहे, मागचा पाय लंगडा, उडी मारून वाचायचं झालं तर आकड्यातून दोन वजा. कुणी मागितलं नव्हतं. तिथलं एक साळिंदर औषधपाण्याचं बघतं, त्याने पाय बरा करून देऊ म्हणून विचारलंही. बायकोने आग्रह केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, माझा झाला का बरा? मग तिचा कसा होईल? त्या लंगड्या पायानेच त्यांनी कळप जिंकला. डोकं वापरायच्या, जागा सोडायच्या नाहीत, उडीच्या वाटेला जायच्याच नाहीत. पुढे त्या पायाची आठवण ग्रुपमध्ये कुणालाच राहिली नाही. त्या म्हाताऱ्या आहेत हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या पंचाच्या आई आहेत हे तर नाहीच नाही.

मग काजळ्या नावाच्या एका तरण्या लांडग्याने कळपासाठी आव्हान दिलं. मुख्यपणाची लढत मरेपर्यंत चालते, हाही आमच्याच घरचा नियम. बायकोचा जीव खालीवर व्हायला लागला. लढत दुसऱ्या पंचाकडे सोपवावी म्हटलं तर तो गावाला गेलेला, फोन लागेना. सासूबाईंना म्हणाली, पुढे ढकल. त्या म्हणाल्या, घाबरून ढकलली म्हणतील. रविवारी दुपारी सुरुवात झाली. सासूबाई आपल्या खोलीत पलंगावर, उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मध्ये एक भिंत आणि अर्धं उघडं दार. मी पाणी देण्याच्या निमित्ताने ये-जा करत होतो. मला या प्रकारात काडीचा रस नाही असं मी सगळ्यांना सांगत असे, पण त्या दिवशी भरलेला ग्लास तसाच परत आणत होतो.

काजळ्या चांगला खेळत होता. पहिला चावा त्याचाच बसला. मग भुरीने त्याला दोनदा धरलं. ग्रुपवर बघ्यांची गर्दी झालेली, घुबडं झाडांवर, कोल्हे झुडपांत, सगळे श्वास रोखून. दोघांचाही दम उतरत उतरत शेवटी एकेका चाव्यावर आला. आतून सासूबाईंच्या टाइप करण्याचा आवाज यायचा, एका बोटाने, टक टक. मग थांबायचा. मग फासा. बायको प्रत्येक आकड्याला ओठ चावत होती. हरल्या तर त्या तीन महिन्यांत सासूबाई दिवसभर करणार काय, हे ती बोलली नाही, पण माझ्या डोक्यातही तेच चाललं होतं. खिडकी आणि पलंग.

काजळ्याने झेप घेतली. फासा पडला, तेरा. आता भुरीची पाळी. टक टक जोरात सुरू झाली, मग फासा, चौदा. ग्रुपवर एकच गलका उठला. वाचली, भुरी वाचली, आता पुढचा चावा तिचा. मीसुद्धा टेबलावर हात आपटला. बायको मात्र पडद्यावरची सासूबाईंची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

मी वाकून वाचलं. सासूबाईंनी लिहिलं होतं की भुरीने मागे उडी मारली आणि ओढ्यापलीकडे गेली.

एवढ्या लढाईत त्यांनी एकदाही उडी लिहिली नव्हती. नुसतं ‘मान खाली घालून उभी राहिली’ लिहिलं असतं तरी चौदा ते चौदाच राहिले असते. उडी म्हणजे दोन वजा. बारा. चावा बसला. भुरी मेली.

“तिला खेळताना पाय आठवतच नाही गं बाई,” बायको स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मी दार हळूच लोटून घेतलं. म्हटलं, तो पाय कुणाच्या लक्षात आहे? काजळ्याच्या नाही, कुणाच्याच नाही. पुढचा फासा टाकायला सांग. कोणाला कळणार आहे?

“आईला कळेल,” ती म्हणाली.

मी तरी वाद घालत राहिलो. म्हातारं माणूस आहे, हा खेळ आहे, तुझी ती न्यायाची हौस बाजूला ठेव, असं बरंच काही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की बाहेर कळलं तर नियम मातीत जातील, त्याचंही एक वेळ काही नाही. पण आज मी गप्प बसले तर उद्यापासून आईला तिथलाही प्रत्येक विजय मीच दिलाय असं वाटेल. भिंतीपलीकडे टक टक बंद होती. म्हणजे सासूबाईंनाही आठवलं होतं. त्याही वाट बघत होत्या. हिच्याकडून काय येतंय याची.

तिने लिहिलं. उडी, जुनी जखम, दोन वजा, बारा, चावा बसला. पाठवलं आणि डोकं टेबलावर टेकलं.

ग्रुपवर आगडोंब उसळला. कसली जखम, कुठली जखम. एका घुबडाने लिहिलं, पंचाचं भुरीशी जुनं वैर दिसतंय. वैर म्हणे. मला त्या घुबडाला शोधून काढून दोन शब्द सुनावावेसे वाटले. एवढ्यात खुद्द काजळ्याचं आलं. त्याला असं जिंकायचं नव्हतं. जिंकणाऱ्याने जीवदान दिलं आणि हरणाऱ्याने घेतलं तर जनावर जगतं, हाही नियम होताच. मुख्यपण जातं, पण ग्रुपमधून जावं लागत नाही. काजळ्या जीवदान देत होता. आता फक्त भुरीने हो म्हणायचं होतं.

बायको एवढी झटकन उठली की खुर्ची पडली. मी मागोमाग गेलो. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. लॅपटॉप उघडाच होता.

“आई, घे ना,” बायको म्हणाली. मघाची पंच कुठल्या कुठे गेली होती. ती पलंगाशी खाली बसली आणि आईचा चांगला पाय धरला. “नियमात बसतं गं. तीन महिने तू काय करशील? घे.”

सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. रागावलेल्या नव्हत्या. मला वाटतं, तेच बायकोला जास्त लागलं.

“घरात दिवसभर सूटच घेते मी,” त्या म्हणाल्या. “उठताना, बसताना, न्हाताना. तिथे नको.”

बायको रडायला लागली, अगदी लहान पोरीसारखी, आवाज करून. सासूबाईंनी तिला रडू दिलं आणि एका बोटाने लिहायला घेतलं. मेलेल्या जनावराचा शेवट त्याच्या मालकाने लिहायचा असतो. त्यांनी चार ओळींत उरकला. भुरीची उडी ओढ्यात पडली, लंगड्या पायाने ओढा ओलांडायला जाणं ही चूक तिची स्वतःची, पंचांनी योग्य तेच केलं, कळपाने नव्या मुख्याचं ऐकावं. मग बायकोला विचारलं, शिक्षा कधीपासून. बायको नाक पुसत म्हणाली, उद्या सकाळपासून.

“मग आजची संध्याकाळ माझी आहे,” त्या म्हणाल्या.

बायको तोंड धुवायला गेली. सासूबाईंनी चष्मा काढला, डोळे दुखतात, तुम्ही वाचून दाखवा म्हणाल्या, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. ग्रुपवर भुरीसाठी शोक सुरू झाला होता. साळिंदराने लिहिलं होतं की तिने पाय बरा करून घ्यायला नकार दिला होता तो दिवस त्याला आज पुन्हा आठवला. मघाचं तेच घुबड लिहीत होतं की तिच्यामुळे आपण या रानात टिकलो. काजळ्याने तर एवढं लांबलचक लिहिलं होतं की मी मधल्या ओळी गाळून भराभर पुढे चाललो. रडू यायच्या आत संपवायचं होतं. सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हळू वाचा जावईबापू, गाळू नका,” त्या म्हणाल्या. “खरी मेल्यावर मला हे कुठे ऐकायला मिळणार आहे?”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.