भिंतीकडे तोंड करून भरलेली कांडी

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात शकुनबाईच्या तोंडाला लागायचं धाडस कोणी करत नसे. नवरा सेवकरामही करायचा तो पत्त्यात जिंकला असेल त्याच दिवशी. त्याचा दमा मोठा समजदार होता. माग पाहिला की उसळायचा आणि पत्ते पाहिले की बसायचा. त्यामुळे घरातली लुगडी शकुनबाईच विणायची.

त्यांची एकुलती एक मुलगी चंद्रकला. वय नऊ, उजवा हात मनगटात वाकडा, चाल डुलती, बोलणं दहा-बारा शब्दांचं. अंगारे झाले, ताईत झाले, शेवटी भंडाऱ्याच्या एका डॉक्टरने तिला एक शब्द दिला, मतिमंद. त्या शब्दाने घरादाराची एवढी सोय झाली की विचारू नका. पोरगी पडली, मतिमंद. भात सांडला, मतिमंद. हाकेला वळली नाही, तरी तेच. सगळं एका पोत्यात कोंबून पोत्याचं तोंड शिवून टाकलं होतं.

शकुनबाईने तिला कांड्या भरायला बसवलं होतं. कोष्ट्याच्या घरात पोरं हेच काम करतात. चरखा फिरवायचा, सूत बोटांतून सोडायचं आणि मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसेल एवढी कांडी भरायची. उजेडासाठी चंद्रकलाची जागा दारात होती. तिच्या कांडीत मात्र सुतापेक्षा गाठी जास्त. सूत तुटायचं, ती मायकडे बघायची, माय कुरकुरत गाठ मारून द्यायची.

"हातच वाकडा, काय करन बिचारी," शेजारची सुंदरबाई म्हणायची. फुकटची हळहळ वाटण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात दारातून झळा यायला लागल्या, म्हणून शकुनबाईने पोरीला आत, कौलातल्या काचेखाली, भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुपारी तिची कांडी धोट्यात घालून विणायला घेतली आणि गाठ कधी येते याची वाट पाहत बसली. गाठ आलीच नाही. कांडी संपली. दुसरीही तशीच गेली. शकुनबाईने माग थांबवला.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पोरीला परत दारात बसवलं. शेळी गेली, सूत तुटलं. सायकल गेली, तुटलं. बर्फगोळेवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा तर चरखाच आडवा झाला.

"अजी, ऐकून राहिले का?" ती नवऱ्याला म्हणाली. "हात तर भिंतीपुढंही वाकडाच हाय ना? मंग तिथं सूत काहून नाई तुटत?"

"मतिमंद हाय थे. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरनं कांडी पाह्यली होती का? पोट्टीले समजते सारं. तिचं ध्यान पळते, ध्यान!"

सेवकरामने हातातलं पान टाकलं. त्याची बाजी रंगात होती.

पुढच्या वर्षी भंडाऱ्यात अपंगांचं शिबिर भरलं. निवडलेल्या मुलांना नागपूरच्या निवासी शाळेत घेणार होते. शकुनबाई पोरीला घेऊन पहिल्या एसटीने गेली. ही संधी हुकली, तर चंद्रकला जन्मभर त्या एका शब्दाखाली दारात बसून राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मंडपात भोंगा, हारतुरे, पाहुणे आणि पाहुण्यांपेक्षा जास्त भाषणं. शिबिरातल्या डॉक्टरने चंद्रकलापुढे भोकांची फळी आणि लाकडी खुंट्या ठेवल्या. तिने एक खुंटी उचलली आणि भोंग्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग पाहुण्यांच्या फेट्याकडे. खुंटी खाली पडली.

"शिकण्यासारखी नाही," म्हणत डॉक्टरने फॉर्मवर तसं लिहिलं.

"थांबा जी!" शकुनबाईने पोरीची खुर्ची टेबलासकट मंडपामागच्या इमारतीच्या भिंतीकडे फिरवली. डॉक्टर बघतच राहिला. तिने दोन्ही हातांनी पदर आडवा धरला आणि म्हणाली, "आता द्या. एकेक द्या, सारं एकदम नोका देऊ."

वाकड्या हाताने वेळ घेतला. पण एकेक करत सगळ्या खुंट्या भोकांत बसल्या. डॉक्टरने तो फॉर्म फाडला आणि नवा घेतला.

"बाई, बाकीच्या अडचणी आहेतच," तो म्हणाला. "पण लक्ष न टिकणं ही त्यांच्याहून वेगळी अडचण आहे. ती बाकीच्यांखाली दबून गेली होती. हिला शाळेत घेऊ."

"तेच तर वर्सभर सांगून राहिली मी!"

"पोरगी ऐकत नाही म्हणून घरी आतापर्यंत काय उपाय केले?" त्याने पेन उघडत विचारलं.

शकुनबाईने पदर खाली सोडला. तिचे डोळे भरून आले.

"मारलं," ती म्हणाली. "मतिमंद म्हणत होते सारे, पर मुद्दाम करते वाटे मले. चार वर्सं मारलं."

डॉक्टरचा पेन थांबला.

"लिहा ना जी. मारून काई होत नाई, असंही लिहा. मागं लाइनीत आनखी बाया हायेत."