दोरवाल्याचा जबाब

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, कितीतरी भानगडी विसरलो, पण ही एक आठवली की मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात चकरा मारतो. घरात कुणी काही विचारलं तर खेकसतो.

घटना घडली अंदमानच्या समुद्रात आणि उलगडली परंडा तालुक्यातल्या एका ठाण्यात. हसू नका. सत्तरच्या दशकातला तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना यात नवल वाटणार नाही, कारण पोटासाठी माणसं कुठंकुठं गेली याचा हिशोब कुणाकडंच नाही. मी तिथं फौजदार होतो. दिवसभर टँकरवरच्या मारामाऱ्या मिटवायच्या आणि संध्याकाळी ठाण्याच्या रांजणात पाणी आहे का ते बघायचं, अशी नोकरी चालली होती.

एक दिवस खडी फोडायच्या कामावरून एक बाई तडक ठाण्यात आली. बौद्धवाड्यातली, वयानं पंचविशीची. अंगावर खडीची धूळ तशीच होती. मी तिच्या नवऱ्याला चांगला ओळखत होतो. तालुक्यातला पट्टीचा पाणबुड्या. विहिरीत मोटरचा फूटव्हॉल्व्ह अडकला, कुणाचं काही बुडालं, की लोक त्याला बोलवायचे. प्रेत काढायचं असलं तर आमचा शिपाईसुद्धा आधी त्याच्याच दारात जायचा. दुष्काळात विहिरी आटल्या आणि त्याचा धंदाच बसला.

मग भूमच्या बाजारात एक मुकादम आला. अंदमानात बोटीवरून समुद्रात उतरून शिंपले काढायचं काम आहे, बुडी मारणारी माणसं पाहिजेत म्हणाला. पाणबुड्या गेला. बरोबर त्याचा जिवाभावाचा दोस्त गेला. हा धनगरवस्तीवरचा. पाणबुड्या विहिरीत उतरला की वर दोर धरून बसणारा हाच. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्याला दोरवालाच म्हणतो.

बाईचं म्हणणं एवढंच होतं, की मोसम संपला, दोस्त परत आल्याचं कानावर आलं, पण नवरा आला नाही आणि दोस्त तोंड दाखवत नाही. "सायेब, जिता हाय का मेला, तेवढं सांगा," ती म्हणाली. "मेला असंल तर तसं सांगा. म्या रोज एश्टीचा आवाज आला की हातातला हातोडा ठिवून बघती."

मी बेपत्ता माणसाची नोंद घ्यायला लावली आणि खबरे सोडले. चार-दोन दिवसांतच सोनारीहून टीप आली. दोरवाला काळभैरवाच्या देवळाच्या आवारात राहतोय, कुणाशी बोलत नाही, जवळ दोन माणसांची बोचकी आहेत. शिवाय दोन वेळा पाणबुड्याच्या गावच्या शिवेपर्यंत जाऊन माघारी फिरलेला लोकांनी पाहिलाय. पळणारा माणूस लांब पळतो. हा ना पळत होता, ना घरी जात होता. मला तिथंच खटकलं.

आम्ही त्याला घेऊन आलो. आमचे हवालदार जुन्या वळणाचे, पट्टा काढायच्या तयारीत होते. मी म्हणालो, "हात लावायचा नाही. आधी चहा द्या." चहा त्यानं घेतला नाही. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत तो म्हणाला, "सायेब, म्या मारला त्याला. मला फाशी द्या."

हवालदार खूश. केस एका वाक्यात निघाली होती. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ. आणि खरं सांगायचं तर मला ती पटलीच नव्हती. मी खुनी पुष्कळ पाहिलेत. कबूल होताना ते आधी दुसऱ्याची चूक सांगतात. त्यानं मला असं केलं, मग मी तसं केलं, असं. हा दुसऱ्याचं नावच घेत नव्हता.

सगळं काढून घ्यायला दोन बैठका लागल्या. एका जुन्या बोटीवर दहा-बारा माणसं. तिच्यावरच खायचं, तिच्यावरच झोपायचं. एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडं, कित्येक दिवस मनुष्यवस्ती दिसायची नाही. बोटीवर एक इंजिन, ते हवा दाबून रबरी नळीत सोडायचं. नळीचं टोक तोंडात धरून पाणबुड्या खाली जायचा, तळाशी चालत शिंपले गोळा करायचा. कमरेला दोर. वर दोर धरून हा.

"त्या दिवशी दोराला हिसका आला," दोरवाला म्हणाला. "आमच्यात हिसका आला की समद्या ताकदीनं वडायचं. इहिरीत तसंच करतेत. म्या वडला. वर आला, बोटीची कड धरली, आन् तोंडातनं रगत आलं. घटकाभरात गेला. मुकादम म्हणला, तू वडलास म्हणून मेला, तोंड उघडलंस तर फासावर जाशील. तिथंच बेटावर पुरला त्याला."

हवालदार म्हणाले, नाटक आहे साहेब, बोटीवर मारामारी झाली असणार. मी बिनतारी संदेश पाठवला. तिकडच्या पोलिसांचं उत्तर आलं: बुडून मृत्यू, आकस्मिक म्हणून नोंद. शवविच्छेदन झालेलं नाही.

झालं. आता माझं डोकं आणखी फिरलं. कारण मी दोरवाल्याला विचारलं होतं, त्याला पालथा घातला तेव्हा पाणी किती निघालं? तो म्हणाला, थेंबसुद्धा न्हाय. बुडालेल्या माणसांचे पंचनामे मी आयुष्यभर केलेत, अर्धे तर त्या पाणबुड्यानंच काढून दिलेले. हा माणूस बुडाला नव्हता. गळ्यावर, अंगावर खूण नव्हती. म्हणजे बुडाला नाही, मारला नाही, मग मेला कशानं? मी खुर्चीत बसेना. ठाणे अंमलदार डायरी घेऊन सहीला यायचे आणि मी व्हरांड्यात फेऱ्या मारत असायचो. ती बाई दर बाजाराला येऊन काही न बोलता दारात उभी राहायची. तिला काय सांगू? मेलाय एवढं मी सांगितलं होतं. ते ऐकून तिनं विचारलं होतं, "कुणी मारलं?" दोरवाल्याचं नाव गावात फुटलं होतं. त्याच्या वस्तीवर दगड पडायला सुरुवात झाली, म्हणून त्याला मी ठाण्यातच ठेवून घेतला होता. उत्तर उशिरा मिळालं असतं तर आणखी एक मुडदा पडला असता.

शेवटी साहेबांची परवानगी काढून कुर्डुवाडीला गाडी धरली आणि मुंबईला आरमाराच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच उलट विचारलं, "वर येताना तो श्वास सोडत होता की धरून होता?"

मला काय माहीत? मग त्यांनी समजावून सांगितलं. खोल पाण्यात नळीतून घेतलेली हवा दाबलेली असते. माणूस वर येऊ लागला की तीच हवा छातीत फुगत जाते. त्यामुळं वर येताना श्वास सोडत यायचं, हा पहिला धडा. दम धरला तर फुप्फुस फाटतं. मग दोर सावकाश ओढा नाहीतर जोरात.

परत येऊन बूट न काढता मी दोरवाल्यापुढं बसलो आणि तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सायेब, इहिरीत दम सोडला तर माणूस मरतो की. छाती भरून घ्यायची आन् वर येस्तवर धरायची. ल्हानपनापासनं तसंच शिकलाव. गालफडं फुगलेलीच हुती त्याची."

"बोटीवर कुणी सांगितलं नाही, श्वास सोडायचा म्हणून?"

"मुकादम म्हणला, तुमी इहिरीतली मानसं, तुमाला काय शिकवायचं."

मला त्या क्षणी मुकादमाचं नरडं धरावंसं वाटलं. ज्या सवयीनं तो माणूस तालुक्याच्या सगळ्या विहिरींतून जिवंत वर आला, त्याच सवयीनं तो समुद्रात मेला, आणि एका वाक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट कुणी सांगितली नाही. डॉक्टरांचा अभिप्राय जोडून हयगयीनं मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल मुकादम आणि बोटमालकावर कागद केले आणि तिकडच्या पोलिसांकडं वर्ग केले. पुढं काय झालं ते मला कधीच कळवलं गेलं नाही. माझी तिथून बदलीही झाली. दोरवाल्यावर काही गुन्हा नव्हता.

पण त्याला सोडायच्या आधी मी बाईला बोलावलं आणि पोलीस पाटलांसमोर सगळं सांगितलं. तिनं हवेचं, छातीचं दोनदा विचारून घेतलं. मग दोरवाल्याकडं वळली. तो भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी मध्ये पडायच्या बेतानं उभाच होतो.

ती म्हणाली, "भावजी, शेवटी काय बोलले?"

  तो बोलायला लागला तेव्हा त्याला धाप लागत होती. "कड धरून हसत हुता, वैनी. खाली कासव बघितलं म्हणला. गाडीच्या चाकाएवढं. म्हणला, लवकर वड म्हणून हिसका दिला, कुणाला तरी सांगायचं हुतं. घरी गेल्यावर हिला सांगितलं तर हिला खोटं वाटंल, असं म्हणला. मग रगत आलं."

"म्हंजी भ्याले नव्हते?"

"न्हाय वैनी. लई खूश हुता."

बाई तिथंच फरशीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. नवरा गेल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. मग पदरानं तोंड पुसून त्याला म्हणाली, "चला घरी. पोरांना तुमीच सांगा, कासवाचं." आणि ज्याच्या वस्तीवर दगड पडत होते, त्याला घेऊन ती भर बाजारातून चालत गेली. त्यानंतर दगड पडले नाहीत. माझा एक शिपाईसुद्धा तिथं ठेवावा लागला नाही.

या केसनं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. तपासाचं म्हणाल तर कबुली मिळाली की थांबू नये, हे शिकवलं. पण त्याहून मोठी गोष्ट त्या बाईनं शिकवली. दोरवाल्याचा जबाब मी दोनदा घेतला होता. दोर कसा ओढला, रक्त कुठून आलं, पाणी निघालं का, सगळं त्यात होतं. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, मरणाच्या प्रत्येक जबाबात मी शेवटी एक प्रश्न वाढवत गेलो: जाताना काय बोलला? कोर्टाला तो लागत नाही. घरच्यांना दुसरं काहीच लागत नाही.